पाटावरचं कासव

"बाईनू, ह्या कासव आजपासून तुमचा," जयराम काका म्हणाला. "जाळ्यातसून काढला तेव्हा जिता होता. तुमच्या हातात दिला आणि मगे मेला. एवढाच सांगायचा. दुसरा काय नको."

डाबरेबाई दारापुढच्या खळ्यात उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्यासमोर, माझ्या लग्नाच्या मांडवाखाली, दोन पुरुषांनी मिळून उचलावं एवढं कासव उताणं पडलं होतं. मान लुळी. डोळे अर्धवट मिटलेले. पुढचे दोन्ही पर, वल्ह्यांसारखे, दोन बाजूंना पसरलेले. पोटावर हळदकुंकू. ती हळद माझी होती. संध्याकाळी मला लागायची म्हणून पहाटेच वाटून ठेवलेली.

"जाळ्यातून काढलं तेव्हा खरंच जिवंत होतं?" बाईंनी विचारलं.

"आता ता कोण बघूक गेला?"

"म्हणजे नव्हतं."

"बाईनू," काकाने हात जोडले, "तुमी शिकलेली माणसा भारी प्रश्न विचारतास."

मी खिडकीच्या गजांतून हे सगळं बघत होते. हातांवर मेंदी, केसांत तेल, आणि नवरीने आज उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही अशी वासंती आतेची ताकीद.

ही गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. सरळ सांगितली की कुणीतरी मध्येच हसतं आणि ती लग्नातली गंमत होऊन बसते. म्हणून आज डाबरेबाईंच्या क्रमाने सांगते. मेलेलं कासव तपासायचं तर आधी पाठ, मग पोट, मग डोळा, फुप्फुसं, घसा, शेपूट. हृदय सगळ्यात शेवटी.

"शेवटी का?" असं मी एकदा विचारलं होतं.

"कारण ते खोटं बोलतं," बाई म्हणाल्या होत्या.

पाठ

आमच्या कुबलांच्या घराण्यात कासव म्हणजे घरचं माणूस. आमचा कोणी एक मूळपुरुष होडी उलटल्यावर कासवाच्या पाठीवर हात टाकून किनाऱ्याला लागला म्हणतात. खरं-खोटं त्या कासवाला ठाऊक. पण तेव्हापासून कुबलांच्या जाळ्यात जिवंत कासव आलं, तर जाळं कापायचं आणि त्याला सोडायचं. मेलेलं आलं, तर घरी आणायचं, पूजा करायची, सुरूच्या बनात पुरायचं आणि तेराव्यापर्यंत सुतक पाळायचं. सुतकात मंगलकार्य नाही.

वाडीतल्या इतर घरांना हा नियम नव्हता. म्हणूनच ते आम्हाला हसायचे आणि म्हणूनच बाबाला तो मोडता येत नव्हता.

डॉक्टर रोझालीन डाबरे वसईच्या. आमच्या पडवीतल्या खोलीत त्यांचा तो दुसरा हिवाळा. पहिल्या दिवशी आतेला वाटलं होतं, विंग्रजी बोलणारी बाय येणार. बाईंनी आल्या आल्या विचारलं, "सुक्या बोंबलाची चटणी मिळेल का?" आणि आतेचं निम्मं वैर तिथेच संपलं. उरलेलं निम्मं वासामुळे टिकलं. बाईंचा अभ्यास मेलेल्या कासवांचा होता. जाळ्यात अडकलेलं कासव नक्की कसं मरतं, त्याच्या फुप्फुसांचं काय होतं, ते किती वेळ तग धरतं, हे कळलं तर त्याला वाचवायची वाट सापडेल, असं त्या म्हणायच्या. पण त्यांच्या वाट्याला यायची ती लाटांनी आणून टाकलेली, कुजलेली, कुत्र्यांनी ओढलेली कासवं. ती उघडून त्या परतल्या की आते त्यांना विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय पडवीत घ्यायची नाही.

ताजं कासव त्यांना एकदाही मिळालं नव्हतं. जे कुबलांच्या जाळ्यात येई ते घरचं माणूस. "घरच्या माणसाक कोण चिरता?" बाबाने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. बाईंनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मात्र थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरलेला असायचा. कायम.

(उदय म्हणतो, माझं नाव अजून आलं नाही. येईल.)

उदय गिरकर, देवगडकडचा, मालवाहू बोटीवर कामाला. आमचं ठरलं तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला होता. "नवरो दर्यार असलो, तर तुका भिती वाटतली?" मी म्हटलं, "दर्यार नसलेलो नवरो मी बघूकच नाय कधी." लग्नानंतर लगेच त्याला बोटीवर रुजू व्हायचं होतं आणि पुढची सुट्टी पुढचा पावसाळा संपल्यावर. त्याच्या आईला हे स्थळ मुळात फारसं पसंत नव्हतं. पहिल्याच पायरीवर सुतक म्हटल्यावर तिला बोट ठेवायला जागा मिळाली असती. लग्न पुढे ढकललं जाणार नव्हतं. मोडणार होतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं.

पोट

आदल्या दिवशी टाकलेलं जाळं काढायचं म्हणून बाबा आणि काका पहाटे गेले होते. खरं तर लग्नघरात पुरुषांना काम नसतं, म्हणून गेले होते. परत आले ते होडीत कासव घेऊन.

"थंयच सोडून दिला असता तर?" आतेने कपाळावर हात मारला. "कोण बघूक इलो होतो, भाऊ?"

"मी होतंय ना थंय," बाबा म्हणाला.

एवढंच. मग बाबाने कासव मांडवात आणलं आणि उताणं केलं. आमच्यात तशीच रीत. पाठ देवाची, तिला माणसाने हात लावायचा नाही. पोट आपलं. पूजा पोटावर. हळद शोधायला वेळ नव्हता, म्हणून आतेने माझ्या वाटीतलीच बोटभर घेतली आणि लावली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय केलं, आणि ती जी रडायला बसली ती कासवासाठी की माझ्यासाठी हे तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा काकाला बाईंची आठवण झाली.

काकाचं डोकं कोर्टात शोभलं असतं. कासव कुबलांच्या ताब्यात मेलं तर कुबलांना सुतक. बाईंच्या ताब्यात मेलं तर सुतक बाईंना, आणि त्या तर ख्रिश्चन, म्हणजे त्यांना कासवाचं सुतक नाही. बाईंना ताजं कासव मिळेल. कुंदाचं लग्न लागेल. फक्त बाईंनी म्हणायचं, माझ्या हातात आलं तेव्हा जिवंत होतं.

"आणि मगे तेका कापा, उघडा, काय होया ता करा," काका म्हणाला. "भाऊ काय बोलाचो नाय. काय रे भाऊ?"

बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि तो माझ्या खिडकीकडे बघत होता. तो पन्नाशीचा माणूस त्या क्षणी एखाद्या मुलीने उत्तर सांगावं म्हणून वाट बघणाऱ्या शाळकरी पोरासारखा दिसत होता.

मी मान हलवली का? उदय विचारतो नेहमी. मला आठवत नाही. मला वाटतं मी डोळे मिटून घेतले.

बाई उठल्या. आत गेल्या. हातमोजे आणि सुरीची पेटी घेऊन बाहेर आल्या.

डोळा

सुरी त्यांनी पेटीतून काढली नाही.

आधी त्या कासवाच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसल्या, पदराचं टोक ओलं केलं आणि त्याच्या डोळ्याच्या कडेला हळूच टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. मग तिसऱ्यांदा. आमचा सगळा मांडव वाकून बघत होता.

"हालला?" काकाने विचारलं.

"मला वाटलं हललं."

"वाटला की हालला?"

"तेच ठरवता येत नाहीये."

"बाईनू, मेलेला म्हणा नायतर जिता म्हणा. तुमका दोन्हीकडसून फायदोच आसा."

"जयरामभाऊ, जाळ्यात गुदमरलेलं कासव कधीकधी मेल्यासारखं होतं. म्हणजे शुद्ध जाते. श्वास नाही, हालचाल नाही. बघणाऱ्याला मेलेलंच वाटतं. तसंच पाण्यात टाकलं तर मग खरंच बुडून मरतं."

आतेचं रडणं मध्येच थांबलं. "म्हणजे भावान थंय सोडला असता तर—"

"तर मेलं असतं. एवढं नक्की."

बाबा खांबापासून दूर झाला. "मगे आता काय आसा, बाईनू? जिता की मेला?"

"दोन्ही नाही," बाई म्हणाल्या. "अजून."

"दोन्ही नाय असा काय असता?" आते ओरडली. "गो बाय, माझ्या भावाच्या घरात आज हळद, उद्या लगीन. एक काय ता सांग! रडाचा की नाचाचा?"

"थांबायचं."

"कितको वेळ?"

"संध्याकाळपर्यंत. कदाचित उद्यापर्यंतसुद्धा."

आतेने बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पुढे फक्त एकदाच पाहिली. त्याबद्दल शेवटी.

फुप्फुसं

"पहिली गोष्ट," बाई म्हणाल्या, "ह्याला पालथं करा. लगेच."

कोणी हललं नाही.

"बाईनू, पूजा झाल्यार पालथा करनत नाय," काका म्हणाला.

बाईंनी दोन्ही तळहात जोडून आपल्या पाठीमागे धरले, जणू त्यांना स्वतःलाच पाठीवर कवच होतं. "ह्याची फुप्फुसं इथे असतात. वर, पाठीच्या कवचाला चिकटून. उताणं ठेवलं की पोटातलं सगळं त्यांच्यावर येऊन बसतं. तुम्ही पूजा करताय, आणि आतडी, यकृत, सगळा भार फुप्फुसांवर. जे मेलेलं नाही तेही असं मरेल."

बाबा कासवाच्या पोटावरच्या हळदीकडे बघत राहिला. मला वाटतं त्याच्या डोळ्यांपुढे आधीची सगळी कासवं आली. त्याच्या बापाने उताणी केलेली, त्याने स्वतः उताणी केलेली. तो पुढे आला आणि त्याने, कुबलांच्या घरातल्या माणसाने, कासवाच्या पाठीला हात घातला.

"धर रे, जयराम."

दोघांनी ते उलटलं. हळदीचा ठसा जमिनीला लागला.

"आता मागची बाजू उंच करायची. वीतभर तरी. काहीतरी द्या खाली घालायला. उशी नको. सपाट, घट्ट."

बायका इकडेतिकडे बघू लागल्या. विटा ओबडधोबड. पोळपाट लहान. मग माझ्या लक्षात आलं की खोलीत माझ्या शेजारीच ते आहे. हळदीसाठी नवा घेतलेला, सागाचा, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं ठोकलेला पाट. माझा पाट.

मी तो उचलला आणि उंबरा ओलांडला.

"कुंदे!" आते किंचाळली.

"आते, दोन्ही नाय हा अजून," मी म्हटलं. "मगे मी नवरी तरी खंय आसंय?"

पाट कासवाच्या मागच्या परांखाली गेला. एकट्याने उंची पुरेना, म्हणून त्याखाली आतेचाच जुना पाट गेला. तो तिने स्वतः आणून दिला, शिव्या घालत.

घसा

आधी काहीच नाही. मग कासवाच्या तोंडातून पाण्याची एक धार निघाली, मांडवाच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवरून वळत वळत रांगोळीत गेली, आणि आतेने पहाटे काढलेलं स्वस्तिक मधोमध फुटलं.

कोणीही त्याला अपशकुन म्हटलं नाही.

शेपूट

शेपटी चिमटायची असते. जिवंत असेल तर ती आखडते. बाई मधून मधून चिमटत होत्या. शेपटी आखडत नव्हती.

अशी दुपार कधी संपतच नाही. मी ओल्या फडक्याने त्याच्या पाठीवर पाणी धरत होते. फक्त नाक कोरडं ठेवायचं. बाई आणि बाबा दोन बाजूंना बसून कासवाला अगदी हळू डोलवत होते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पाळण्यातल्या मुलासारखं. त्याने आतलं पाणी सुटतं म्हणे. मार्चचं ऊन मांडवाच्या झावळ्यांतून खाली गळत होतं. पडवीतल्या थर्माकोलच्या पेटीतला बर्फ वितळून तिच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. ते फक्त मलाच दिसत होतं असं मला वाटत होतं.

"बाई," मी हळूच म्हटलं, "तुमचा बर्फ."

"दिसतोय."

"आत्ता कापलं असतं तर?"

"तर दोन वर्षांत पहिलं ताजं फुप्फुस हाती आलं असतं." त्या डोलवायच्या थांबल्या नाहीत. "ह्या उन्हात संध्याकाळपर्यंत राहिलं आणि मेलेलं निघालं, तर माझ्या उपयोगाचं काही उरणार नाही."

"मग?"

"मग काय? कापल्यावर कळलं असतं की जिवंत होतं, तर?" शेपटी पुन्हा एकदा चिमटून त्या म्हणाल्या, "हे आमच्या शिक्षणात शिकवत नाहीत, कुंदा. उघडायचं कसं हे शिकवतात. थांबायचं कसं, ते नाही."

बाबाने मान वर केली. "आमच्यात पण नाय शिकवनत, बाईनू. पुरूचा कसा ता मात्र शिकवतत."

ऊन कलल्यावर देवगडची माणसं आली. उदयला लावून उरलेली हळद घेऊन त्याची मावशी, दोन करवल्या आणि एक मामा. वाजंत्री दारापर्यंत आली, मांडवात बघितलं, आणि सनई वाजता वाजता वाकडी होत होत बंद पडली. नवरी केस मोकळे सोडून कासवाशेजारी बसलेली. नवरीच्या पाटावर कासव.

"ह्या काय आसा?" मावशीने विचारलं.

काकाने तोंड उघडलं. त्याच्याकडे नक्कीच काहीतरी तयार होतं. पण बाबा उठून उभा राहिला.

"पाव्हण्यांनू, खरा ता सांगतंय. माझ्या जाळ्यात ह्या कासव गावला. मेला असला तर आमका सुतक आसा, आणि उद्या लगीन नाय. जिता असला तर लगीन आसा. तुमका बसूक होया तर बसा. जावक होया तर माझो राग नाय."

"म्हणजे लगीन आसा की नाय?" मामा म्हणाला.

उत्तर आतेने दिलं. कंबरेवर हात, आवाज उंच. "कानात काय बोळे घातलास? अजून दोन्ही नाय! बसा थंय. चाय देतंय."

मी आतेकडे बघतच राहिले. बाईंनी मान खाली घातली. त्या हसत होत्या.

(उदय म्हणतो, मावशीने त्या रात्री घरी जाऊन सांगितलं की तुझी होणारी बायको वेडी आहे, पण तिची आते त्याहून वेडी आहे, तर लग्न कर. मला हे खरं वाटत नाही. पण तो सांगतो तेव्हा छान सांगतो.)

हृदय

उन्हं तांबडी झाली तेव्हा बाईंनी कासवाच्या मानेशी हात नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"धडधडतंय," त्या म्हणाल्या.

मांडवात एकदम गलका झाला. सनईवाल्याने सनई उचललीसुद्धा. बाईंनी दुसरा हात वर केला.

"नाही. थांबा. त्याने काही ठरत नाही. कासव मेल्यावरही त्याचं हृदय तासन्तास चालू राहतं. मी उघडलेल्या कासवांत पाहिलंय. म्हणून मी हृदय शेवटी बघते. त्याच्यावर विश्वास ठेवला की माणूस फसतो."

गलका विझला. मावशीने पदर नीट केला. मामाने चहाचा रिकामा कप जमिनीवर ठेवला, तो उठायच्या बेतात होता हे कळत होतं. बाबा कासवासमोर बसला होता, चेहऱ्यासमोर चेहरा, आणि मी पहिल्यांदाच त्याला कासवाशी बोलताना ऐकलं. पूजेतलं नव्हे. आमच्याशी बोलतो तसं.

"काय ता आता कर बाबा. माझा चेडू थांबलाहा, माझी कुंदा."

आणि कासवाने डोकं उचललं.

अगदी थोडं. मान ताणली, तोंड उघडलं, आणि बुडी मारून फार वेळाने वर आलेला माणूस घेतो तसा एक मोठा, खरखरीत, ओला श्वास घेतला. मांडवात कोणाचाही श्वास चालू नव्हता, त्यामुळे तो फार मोठा वाटला. मग डोकं पुन्हा खाली पडलं. आम्ही सगळे तसेच. काही क्षण गेले. आणखी गेले. मग दुसरा श्वास.

बाईंनी शेपटी चिमटली. ती आखडली. कासवाने मागचा पर असा झाडला की वरचा पाट उडून मामाच्या नडगीवर बसला.

"जिता आसा!" मामाच ओरडला, नडगी धरून. "आवशीक खाव, जिता आसा!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. वाजंत्री. बाबा मांडवाच्या खांबाला मिठी मारून रडतोय. काका सगळ्यांना सांगतोय, मी पहिल्यापासून म्हणत होतो जिवंत आहे. बाई मागच्या दारी जाऊन थर्माकोलच्या पेटीतलं पाणी तुळशीपाशी ओतताहेत, त्यांची पाठ माझ्याकडे, आणि खांदे हलताहेत. मी जवळ गेले तर त्या हसत होत्या, गाल ओले होते, आणि म्हणाल्या, "दोन वर्षं मी ह्याच्या मरणाची वाट बघत होते गं."

कासवाने रीतसर हातपाय हलवायला सुरुवात केल्यावर, अंधार पडायच्या आत, सगळ्या वऱ्हाडाने ते वाजत गाजत पाण्यापर्यंत नेलं. पालथं. बाबाने आणि बाईंनी दोन बाजूंनी धरून. पहिली लाट आली, ते जड होतं, दुसरीला हलकं झालं, तिसरीला नव्हतंच.

मग मला हळद लागली. उदयची हळद आली होती, पण आतेने आधी माझ्या वाटीतलीच घेतली.

"ही त्या कासवाची उष्टी," मावशीने हरकत घेतली.

"मगे?" आते म्हणाली. "ता एक दिवस थांबला तुमच्या झिलासाठी, उदयसाठी. एवढो मान तेचो नको?"

पाट

बाईंच्या क्रमात हा भाग नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी, मी देवगडला असताना, उदयच्या बोटीचा संपर्क तुटला. वादळ होतं. कंपनीच्या माणसाने फोनवर जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच, की काही सांगता येत नाही. पण घरात बायका जमू लागल्या. तुम्हाला ठाऊक असेल कशा जमतात. कोणी बोलत नाही, आणि त्यातच सगळं बोललेलं असतं. मला मध्ये निजवलं होतं. कोणीतरी माझ्या बांगड्यांवर हात ठेवून बसलं होतं. सासूबाई भिंतीला टेकून होत्या. मला छप्पर दिसत होतं. छातीवर काहीतरी येऊन बसलं होतं आणि श्वास आत जात नव्हता.

तेवढ्यात काठी आपटत वासंती आते आली. एसटीने, एकटी. वय झालं होतं, दिसायचं कमी. दारात उभी राहून तिने सगळ्यांना तीच नजर दिली. डाबरेबाईंना दिली होती ती. फरक एवढाच की ह्या वेळी ती बाईंच्या बाजूने होती.

"उताणी कित्याक निजवलास तिका?" ती म्हणाली. "उठवा आधी."

"अगो वासंते, बातमी—"

"बातमी काय इली? मेलो असा सांगितला कोणी? जितो आसा असा सांगितला?" काठी जमिनीवर. "मगे अजून दोन्ही नाय. रडाचा असात तेणी भायर जावन रडाचा. कुंदे, उठ. पाट घे आणि बस. श्वास घे."

मी उठले. पाट घेतला. बसले. श्वास घेतला. सासूबाई भिंतीपासून सरकत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनीही घेतला.

आम्ही थांबलो. किती, ते मी सांगत नाही, कारण मोजलं नाही. आते रोज सकाळी अंगणात रांगोळी काढायची आणि स्वस्तिक मुद्दाम थोडं अर्धवट ठेवायची.

मग एका दुपारी दारात माणूस उभा. दाढी वाढलेली, हाडं वर आलेली, कोणाच्या तरी मोठ्या मापाच्या सदऱ्यात. दुसऱ्या कुठल्या बोटीने त्यांना उचललं होतं, कुठल्या बंदरात उतरवलं होतं, ते सगळं नंतर कळलं. तेव्हा मी नुसती बघत होते. हृदय धडधडत होतं, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मला शिकवलेलं होतं.

आते पुढे झाली. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, उदयचा चेहरा एका हाताने धरला, आणि ते ओलं टोक त्याच्या डोळ्याच्या कडेला टेकवलं.

त्याने पापणी मिटली.

"काय करतंस गो आते?" तो म्हणाला.

आतेने आमच्याकडे वळून पाहिलं.

"जितो आसा," ती म्हणाली. "पाट मांडा. जेवूक वाढा तेका."